चौदाने जड

लोक दुधातली माशी फेकतात आणि दूध ठेवतात. माझ्या खोलीत माशी जपून ठेवतात आणि दूध ओतून देतात. औषधाची भुकटी बनवणाऱ्या कारखान्यात मी शुद्धीकरणाचं काम करते, आणि अलीकडे माझ्या वाट्याला येतं ते बहुतेक उलट्या दिशेचं शुद्धीकरण. चांगल्या औषधात सापडलेली कणभर घाण वेगळी काढायची, पुरेशी साठवायची आणि ती काय चीज आहे हे ओळखायला वरच्या मजल्यावर पाठवायची. उरलेलं निर्मळ औषध वेस्टच्या कॅनमध्ये जातं. कारखान्यात मला गाळणीबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला काही कमी ऐकू येत नाही.

यंत्र दिसायला साधं आहे. मनगटाहून जाड पोलादी नळा, म्हणजे कॉलम, आणि त्यात मैद्यासारखी बारीक पांढरी पूड ठासून भरलेली. एका टोकाने पंप द्रावक ढकलत राहतो, त्या प्रवाहात आपलं मिश्रण सोडायचं. ज्या पदार्थाला त्या पुडीचा लळा कमी, तो लवकर बाहेर पडतो. ज्याला जास्त, तो रेंगाळतो. आमचे आईवडील बाजारातून परत यायचे तसंच, वडील नाकासमोर चालत घरी पोचायचे आणि आई प्रत्येक दुकानाशी थबकत मागाहून. दुसऱ्या टोकाला पडद्यावर एक रेघ चालू असते. काही बाहेर पडायला लागलं की रेघ उठते, संपलं की बसते. हवी ती रेघ उठली की यंत्र नळीचं तोंड बाटलीकडे वळवतं. बाकी काम म्हणजे वाट बघणं आणि दाबाच्या आकड्यावर डोळे लावून बसणं. काळजी करणाऱ्या माणसाला याहून वाईट नोकरी नाही, आणि दुसरी कुठली मला जमलीही नसती.

त्या आठवड्यात माझ्याकडे आलं ते फिटवरचं औषध होतं. आमच्या कारखान्याचं हे जुनं औषध, इतकं जुनं की त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नसे. पण तपासणी विभागातल्या शंकासुराने बघितलं. हा माणूस घराचं कुलूप तीनदा ओढून बघतो आणि मग जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. अलीकडच्या बॅचेसमध्ये औषधाच्या मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी त्याला एक छोटा उंचवटा दिसला होता. आधीच्या कुठल्याही बॅचच्या कागदावर तो नव्हता. रेणूचं वजन करणाऱ्या यंत्राने सांगितलं, हा पदार्थ आपल्या औषधासारखाच आहे, फक्त चौदाने जड.

आमच्या विभागाच्या मोठ्या मॅडमनी आम्हा दोघांना खोलीत बोलावून दार लावलं. त्या कधी दार लावत नाहीत.

"कच्च्या मालात काहीतरी आलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "या जातीच्या काही पदार्थांनी यकृत बिघडल्याची उदाहरणं आहेत. हा त्यातला आहे की नाही, माहीत नाही. गोदामातला माल मी थांबवलाय. बाहेर गेलेल्या मालाचं काय करायचं ते हा पदार्थ नक्की काय आहे ते कळल्यावर. तोवर या खोलीतलं या खोलीत."

"बाहेर किती गेलाय?" मी विचारलं.

"पुष्कळ."

शंकासूर माझ्याकडे बघत नव्हता. त्याला माहीत होतं की माझा धाकटा भाऊ ती गोळी लहानपणापासून घेतो. दिवसातून तीनदा.

भावाला घरात बारक्या म्हणतात. आता तो दारात उभा राहिला की उजेड अडतो, पण नाव तेच राहिलं. शाळेत असताना वर्गात, पायरीवर, एकदा विहिरीच्या काठावर त्याला फिट आलेली मी पाहिली आहे. जिभेखाली रक्त, डोळे पांढरे, आणि मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलेली. मग ही गोळी लागू पडली आणि फिट आमच्या घरातून गेली. त्याने लग्न केलं. बेकरीत नोकरी धरली. आधी पीठ मळायचा, पुढे मालकाने त्याला भट्टीवर घेतलं. भट्टीवरचा माणूस म्हणजे बेकरीचा राजा, असं तो सांगतो. डॉक्टरांनी नाखुशीनेच परवानगी दिली होती, गोळी एकदाही चुकणार नाही या बोलीवर.

दुकानात त्या गोळीची चार-पाच नावं मिळतात. कुणाची पट्टी निळी, कुणाची हिरवी. भुकटी सगळ्यांना आम्हीच देतो. म्हणजे हे सोडून ते घे, असंही सांगता येत नव्हतं.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. बसमध्ये बसल्या बसल्या मी त्याचं यकृत सुजवलं, त्याला पिवळा केला, भावजयीला विधवा केलं. रोज तीन गोळ्या, प्रत्येकीत कणभर घाण. कण लहान खरा, पण रोजचा. आणि घाण ही गोष्ट मला माणसांपेक्षा जास्त ओळखीची आहे. माझे डोळे आधी तिच्याकडेच जातात. गोळीच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर 'अचानक बंद करू नये' असं छापलेलं असतं, तेही मला माहीत होतं. पण इतक्या वर्षांत फिट आली नाही, चार दिवसांत काय येणार आहे, असं मी मनाला बजावलं. माझ्या खोलीतलं काम चार दिवसांचंच होतं.

मी घराऐवजी त्याच्याकडे उतरले. भावजय खाली भाजी घ्यायला गेली होती. तो खिडकीत बसून बुटांना पॉलिश करत होता.

"गोळ्या आहेत का तुझ्याकडे?"

"आहेत की. का गं?"

"थोडे दिवस नको घेऊस."

तो हसला. "एक चुकली तर कानाखाली काढायचीस. आणि आता हे?"

"कारखान्यातली गोष्ट आहे. बाहेर बोलायची नाही. त्यात काहीतरी आलंय, काय ते अजून कळलेलं नाही. कळलं की मीच सांगेन, तोवर थांब."

"हिला काय सांगू? ही चहाबरोबर गोळी समोर ठेवते."

"तिला नको सांगूस. ती घाबरेल, चार जणींना विचारेल. तू घेतल्यासारखं कर. आणि तेवढे दिवस भट्टीपाशी जाऊ नकोस. मळायचं काम माग."

"मालक विचारेल ना."

"पाठ दुखते म्हणून सांग."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा ब्रश घेतला. त्याने एक प्रश्नही जास्त विचारला नाही. मला हायसं वाटलं. खरं तर तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. मॅडमनी दिलेली सगळी भुकटी एका मोठ्या बाटलीत मिथेनॉलमध्ये विरघळवली. नीट विरघळेना म्हणून नेहमीप्रमाणे ॲसिडचे थोडे थेंब घातले. मग त्या बाटलीतून एकेक खेप नळ्यात सोडायची, डोंगर कॅनमध्ये जाऊ द्यायचा, मागून येणारा उंचवटा छोट्या बाटलीत धरायचा, नळा धुवायचा, की पुढची खेप. घाई करून चालत नाही. एका खेपेत जास्त माल सोडला तर डोंगर पसरतो आणि उंचवटा त्याच्या पोटात गडप होतो. मला मात्र प्रत्येक खेप गोगलगायीसारखी वाटत होती. मी पंपाचा वेग थोडा वाढवला, दाब चढला, पुन्हा कमी केला. कॉलम फुटला असता तर महिनाभर काम थांबलं असतं. मी खुर्चीत बसत होते आणि उठत होते. शंकासूर दर थोड्या वेळाने दारातून डोकं आत घालायचा.

"किती जमलं?"

"तू विचारायचं थांबलास की जमेल."

जेवणाच्या सुट्टीत मी बारक्याला फोन लावला. बेकरीत फोन कपाटात ठेवावा लागतो, त्यामुळे तो लागला नाही. संध्याकाळी त्याचा आला. "ठीक आहे मी. जरा झोप नीट लागली नाही. मळतोय. पाठीवरून सगळे चिडवतायत, म्हातारा झालास म्हणून." मी विचारलं, हात थरथरतात का, डोळ्यांपुढे चमकतं का. तो म्हणाला, "ताई, तू विचारलंस की चमकतं."

त्याच्या पुढच्या दिवशी काम अपेक्षेपेक्षा चांगलं चाललं होतं. उंचवटा दर खेपेला जरा जास्तच माल देत होता. छोट्या बाटल्या भराभर भरायला लागल्या. मी खूश झाले. या वेगाने उद्याच वर पाठवता येईल, परवा उत्तर येईल, बारक्याला एकतर नवीन औषध मिळेल नाहीतर हेच पुन्हा सुरू होईल. त्या आनंदात मी चहाही घेतला, आणि चहा पिता पिता पहिल्या खेपेचा कागद आणि ताज्या खेपेचा कागद सहज एकावर एक ठेवून खिडकीशी धरले.

औषधाचा डोंगर दोन्हींवर तेवढाच होता. उंचवटा दुप्पट झाला होता.

चहा मी तसाच ठेवला. माल तोच, बाटली तीच, यंत्र तेच. कारखान्यातून आलेली घाण बाटलीत बसून वाढत नसते. वाढत असेल तर ती इथे तयार होतेय. आणि तयार होत असेल तर कशापासून? बाटलीत होतं काय, तर औषध, मिथेनॉल आणि मी घातलेलं ॲसिड. ॲसिडच्या साक्षीने आमचं औषध मिथेनॉलचा एक तुकडा अंगाला लावून घेतं आणि त्याचं वजन वाढतं. कितीने, ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकवतात. चौदाने. चौदा हा आकडा पहिल्या दिवशी आमच्या समोर टेबलावर पडला होता आणि तिघांपैकी एकालाही तो ओळखू आला नव्हता. आम्ही घाबरलेलो होतो, आणि घाबरलेला माणूस आकडे वाचत नाही, अर्थ लावतो.

मी शंकासुराला गाठलं. "तू सँपल कशात विरघळवतोस?"

"मिथेनॉलमध्ये. थोडं ॲसिड घालून."

"आधीपासून?"

"नाही. आधीचं द्रावक बाजारात मिळेनासं झालं ना, तेव्हापासून. का?" आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "आणि सँपलं रात्रभर ट्रेमध्ये बसतात, पाळी येईपर्यंत."

जुन्या द्रावकाची एक अर्धी बाटली माझ्या कपाटात होती. त्याच बॅचची कोरडी भुकटी आम्ही त्यात विरघळवली आणि लगेच छोट्या यंत्रावर चढवली. दोघं पडद्यासमोर उभे राहिलो. डोंगर आला. डोंगर बसला. त्याच्या मागे रेघ सपाट चालत राहिली. उंचवटा यायची वेळ झाली, ती टळून गेली, रेघ तशीच.

"पुन्हा करू," शंकासूर म्हणाला. पुन्हा केलं. पुन्हा सपाट.

"काखेत कळसा," तो म्हणाला आणि पुढचं बोलला नाही. मग खुर्चीत बसला. "म्हणजे मालात काही नव्हतंच. मी केलं हे."

"तू सुरू केलंस, मी वाढवलं."

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या चक्क हसल्या. तशी त्यांची सवय नाही. "म्हणजे माल स्वच्छ आहे. अहो, याहून चांगली बातमी कोणती? गोदामाला फोन करते." त्यांना सांगणं भाग होतं म्हणून मी सांगून टाकलं होतं, पण त्यांचं बोलणं संपायच्या आत मी फोन हातात घेतला होता. गोळी स्वच्छ होती. तीच गोळी बारक्याने घेतलेली नव्हती, आणि न घ्यायला मी सांगितलं होतं.

बारक्याचा फोन लागला नाही. बेकरीच्या नंबरावर कुणीतरी उचलला, मागे भांड्यांचा आवाज होता, "थांबा थांबा" म्हणून ठेवून दिला. मी पर्स उचलून निघाले. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती, आणि प्रत्येक थांब्यावर चढणारा प्रत्येक माणूस सुटे पैसे शोधत होता. मी मनात बोलत होते, पीठच मळत असेल. पाठ दुखते म्हणून सांगितलंय. पिठात पडला तरी काय होणार आहे?

भावजयीचा फोन आला तेव्हा मी उभीच होते.

"ताई, यांना फिट आली. भट्टीवर." तिचा आवाज अगदी सपाट होता. "दुसरा माणूस आला नाही म्हणून मालकाने यांना उभं केलं. हात भट्टीच्या दारावर पडला. आम्ही हॉस्पिटलात आहोत."

तो पलंगावर अर्धवट टेकून बसला होता. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत, ओठ फाटलेला, केसांत पीठ. मला बघून त्याने डावा हात जरासा उचलला. भावजय स्टुलावर बसली होती. डॉक्टर तरुण होत्या, हातात कागद घेऊन तिला विचारत होत्या.

"गोळी कधी चुकली?"

"एकही नाही. मी माझ्या हाताने ठेवते, चहाबरोबर. दुपारची डब्यात देते. लग्नापासून एक चुकलेली नाही."

"नक्की?"

"यांनाच विचारा."

डॉक्टरांनी बारक्याकडे बघितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "हो. घेतो मी."

डॉक्टरांनी मान हलवली. "पूर्ण डोस चालू असताना फिट आली, म्हणजे हे औषध आता पुरत नाही. दुसरं एक जोडावं लागेल. त्याने सुस्ती येते, वजन वाढतं, काहींना विसरायला होतं. पण इलाज नाही. आणि भट्टीचं काम आता कायमचं बंद. तसं मी लिहूनच देते."

भट्टी जात होती, सुस्तीचं औषध येत होतं, आणि बारक्या छताकडे बघत होता, कारण त्याच्या ताईने सांगितलं होतं की ही गोष्ट बाहेर बोलायची नाही. मी ओळखते त्याला. तो ते दुसरं औषधही जन्मभर घेत राहिला असता.

मला भीती वाटली. नोकरीची वाटली, भावजयीची त्याहून जास्त वाटली. आणि लाज अशी वाटली की मी दारातच उभी राहिले. क्षणभर असंही मनात आलं की डॉक्टरांना बाहेर गाठून एकटीला सांगावं. पण डॉक्टर पेन टेकवून लिहायला लागल्या होत्या.

"त्याने गोळी घेतलेली नाही," मी म्हणाले. "परवा संध्याकाळपासून घेतलेली नाही."

भावजयीने मान वळवली.

"तुम्ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"बहीण. मीच सांगितलं होतं बंद कर म्हणून."

"डॉक्टर आहात?"

"नाही. त्या गोळीचं औषध जिथे बनतं तिथे काम करते. त्यात काहीतरी चुकीचं सापडलं असं आम्हाला वाटलं. तपासून होईपर्यंत थांब म्हटलं मी त्याला. हिला सांगू नकोस, असंही मीच म्हटलं."

"मग? काय सापडलं?"

"काही नाही. गोळी स्वच्छ आहे. ते आमच्याच बाटलीत तयार होत होतं. आज दुपारी कळलं."

डॉक्टरांनी पेन बंद केलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त अर्धं लिहिलेला कागद फाडला. "बरं झालं बोललात. फिटची गोळी अशी एकदम तोडली तर फिट येणारच. दुसरं औषध नको. जुनीच आजपासून पुन्हा सुरू करायची. भट्टीचं काही महिन्यांनी बघू." मग त्या बारक्याला म्हणाल्या, "आणि मला खोटं सांगत जाऊ नका."

"हो," तो म्हणाला.

डॉक्टर गेल्या. मी भावजयीला काहीतरी सांगायला गेले, रोजचा कण, यकृत, तीन गोळ्या असं काहीसं, आणि माझं मलाच ते ऐकवेना म्हणून मध्येच थांबले.

"मी रोज समोर ठेवत होते," ती म्हणाली. माझ्याशी नाही, त्याच्याशी. "आणि तू रोज घेतल्यासारखं करत होतास."

"ताई म्हणाली होती."

"तिला कळतं म्हणून?"

"तिला कळतं गं यातलं," तो म्हणाला. अजूनही.

मला वाटलं आता ती ओरडेल. तिने ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. तिने पर्स उघडली, गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तळहातावर दाबून घेतली आणि पेल्यात पाणी ओतलं. त्याचा उजवा हात चालत नव्हता, म्हणून गोळी तिने त्याच्या ओठांपर्यंत नेली. फाटलेल्या ओठाला लागू नये म्हणून अगदी सावकाश.

गोळी तोंडात घेऊन तो थांबला. पाणी घेतलं नाही. पेल्यावरून त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या होकाराची वाट बघत राहिला.

भावजयीने तेही बघितलं. ती खुर्चीवरची माझी पर्स उचलून माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, तुम्ही जरा बाहेर उभ्या राहा. तुम्ही इथे असलात तर हा गिळायचा नाही."